बेलाखालचा भुंगेरा

आमच्या सोलापूरच्या घरी परसात बेलाचं झाड आहे आणि त्याच्या बुडाशी मुंग्यांचं बीळ. दर सोमवारी बेल तोडण्याआधी सासूबाई, म्हणजे अव्वा, तिथे चिमूटभर साखर-रवा घालतात. मुंग्यांना दिल्याशिवाय पान तोडायचं नाही, हा त्यांच्या अक्कलकोटकडच्या माहेरचा रिवाज. एरवी मला तो आवडतो. त्या सोमवारी मात्र मला घरातलं काहीच आवडत नव्हतं.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर येणार होती. घरात कुणी ‘जाऊ नको’ म्हटलं असतं तर मी कडाकडा भांडले असते. भांडण मला चांगलं जमतं. पण तसं कुणी म्हणतच नव्हतं. अव्वा माझ्या डोक्याला तेल चोळत, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवत आणि म्हणत, “जा की गं. फकस्त अप्पांचं इंजेक्शन...”

अप्पा म्हणजे सासरे. जेवणाआधी त्यांना इन्सुलिन टोचावं लागतं, ते मीच टोचते. लिंगपूजा झाल्याशिवाय ते अन्नाला शिवत नाहीत, आणि पूजा आटोपते नेमकी बस यायच्या वेळेला. अव्वांना सिरिंजवरचे आकडे वाचता येत नाहीत. नवऱ्याला शिकवून पाहिलं, तर सुई बघूनच त्याला घेरी आली. “हिचा हात लई हलका हाय,” असं अप्पा आल्यागेल्याला सांगतात. त्या कौतुकात माझा जीव गुदमरायचा. गोडीगुलाबीने बांधलेल्या माणसाला ओरडताही येत नाही.

दुपारी बेलाखाली जाऊन बसले. तांबूस मुंग्या एका भुंगेऱ्याला बिळाकडे ओढत होत्या. चपटा, तपकिरी, डोक्यावर दोन जाड शिंगं. कॉलेजात प्राणिशास्त्राला शिकलेलं आठवलं. याच्या अंगातून पाझरणारा रस मुंग्या चाटतात आणि त्यासाठी त्याला घरात ठेवतात. तो आत बसून त्यांचीच पिल्लं खातो, तरी त्याला हाकलत नाहीत. दोघांचंही भागतं.

अव्वा वाकून बघू लागल्या. “किती जीव लावत्यात बघ. पावण्याला उन्हात जाऊ देत न्हाईत.”

माझं डोकंच फिरलं. काडीने मुंग्या झटकल्या, भुंगेऱ्याला पानावर घेतलं आणि लांब भिंतीपाशी सावलीत नेऊन ठेवलं.

“त्याला पंख आहेत, अव्वा,” मी म्हणाले.

थोडा वेळ तो हललाच नाही. मग वळला आणि सावकाश चालत बिळाकडे निघाला. वाटेत एका मुंगीने त्याचं शिंग धरलं, तेव्हा त्याने पायसुद्धा रोवले नाहीत. मला त्याचा भयंकर राग आला.

सकाळी मी डबा भरला, चपला घातल्या. अप्पा पूजेवरून उठले होते. “तू नीघ,” ते म्हणाले, “आज माजं मी टोचून घेतो की.” सदरा वर करून त्यांनी सुई पोटाशी नेली. सुईचं टोक एका जागी टिकेना. नवरा खिडकीबाहेर बघत होता. अव्वा ताट वाढत होत्या. कोपऱ्यावर हॉर्न वाजला.

मी चपला काढल्या. “द्या इकडं.”

“कळलंबी न्हाय बघ,” अप्पा म्हणाले.

बस निघून गेल्याचा आवाज आला. मला कुणीच धरून ठेवलं नव्हतं.