इंदूवहिनींचे वीस गुंठे

कंपोस्टचा ढीग अधूनमधून उलटावा लागतो. तळाचं वर घ्यायचं, वरचं तळाला घालायचं. हे एकट्याचं काम नाही, चार माणसं लागतात. आणि चार माणसं फावडी घेऊन एका जागी उभी राहिली की बोलणं निघतंच. आमच्या खत गटाचे किस्से असेच साठत गेले. लिहून कोणी ठेवले नाहीत. मी ठेवतोय, कारण त्यातल्या निम्म्या घोळांत मी स्वतः होतो.

माझं काम कुट्टी मशीनचं. ट्रॅक्टरला मशीन जोडायचं, महाळुंगे पडवळच्या शिवारात ज्याचं पीक निघालं असेल त्याच्या बांधावर जायचं आणि उसाचं पाचट, मक्याची धाटं, टोमॅटोचे वेल, जे असेल ते बारीक करून द्यायचं. त्यात शेण घालून ढीग रचायचा. गटाचे म्होरके तुकानाना. सत्तरी कधीच ओलांडली, पण फावडं सोडत नाहीत आणि दुसऱ्याचं फावडं थांबलेलं त्यांना बघवत नाही.

* * *

हा सगळा उद्योग कशासाठी, ते आधी सांगतो. इंदूवहिनींचे कालव्याच्या कडेला वीस गुंठे आहेत. वर्षानुवर्षं ऊस, पाटाचं मोकळं पाणी आणि पोत्यांवर पोती रासायनिक खत. रान पार चोपण झालं. उन्हाळ्यात पहार मारली तर टणकन आवाज यायचा, आणि पावसाळ्यात आठ-आठ दिवस पाणी वरच उभं. नवरा, आमचे रामभाऊ, मधेच गेले. मुलगा महेश चाकणला कंपनीत. त्याला एका वीटभट्टीवाल्यानं गाठलं. वरची तीन फूट माती द्या म्हणाला.

"आई, तसंबी तिथं काय उगवत न्हाई," महेश म्हणाला.

त्याचं खोटं नव्हतं. पण वहिनींनी दोन पावसाळे मागून घेतले. तेवढ्यात रान सुधारलं नाही तर खुशाल माती खणायचं मशीन आण, असा शब्द दिला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गटाच्या ढिगावर येऊन उभ्या राहिल्या.

मी विचारलं, "वहिनी, एवढा जीव कशाला काढता?"

"माती गेल्यावर सकाळी उठून मी जायचं कुठं, भावजी?"

मी मशीन चालू केलं.

* * *

पहिल्या ढिगाला टोमॅटोचे वेल आणले. आमच्याकडे टोमॅटो बांबू, तार आणि प्लास्टिकच्या सुतळीवर उभा करतात. हंगाम संपला की बांबू-तार काढून घ्यायची आणि वेल बांधावर पेटवायचे. सुतळीचं पुढं काय होतं, हा प्रश्न आजवर कोणाला पडलाच नव्हता. मलाही नाही. मी वेल तसेच्या तसे मशीनमध्ये सारले.

दहा मिनिटांत सुतळी शाफ्टला अशी गुंडाळली की मशीन जागेवर बंद. मी दुपारपर्यंत खाली आडवा, हातात विळा, तोंडात शिव्या. शेवटी टोपलीभर सुतळी निघाली. नाना टोपलीपुढं उकिडवे बसले आणि एक गुंता उचलून बघितला.

"बबन, इतकी वर्षं हे कुठं जात व्हतं रं?"

"धुरात, नाना."

"म्हंजी आपल्याच छातीत की."

त्यानंतर वेल मशीनकडे येण्याआधी वहिनी एकट्या बसून त्यातली सुतळी सोडवायच्या. बोटं हिरवी व्हायची. मशीन पुन्हा कधी अडलं नाही.

* * *

ढीग चांगला रचला तर आतून तापतो. गज खुपसून बाहेर काढला तर हातात धरवत नाही. थंडीच्या एका सकाळी ढिगातून वाफा निघत होत्या. शेजारच्या वस्तीवरून ते दिसलं आणि आग लागली म्हणून माणसं बादल्या घेऊन पळत सुटली. एकानं तर मोटरचा पाइपच ओढत आणला. आम्ही पोचेपर्यंत ढिगाचा पार चिखल झाला होता.

मला संताप आला. महिन्याचं काम, वहिनींच्या मुदतीतला महिना वाया. मी तोंड उघडणार तेवढ्यात नानांनी दंड धरला.

"आग लागली म्हणून पळत आली ती मान्सं. आपण पाचट पेटवत व्हतो तवा एक तरी आला व्हता का?"

मग त्यांनी त्या सगळ्यांना चहा पाजला आणि चहा झाल्यावर त्यांच्याच हातात फावडी दिली. ओला ढीग फोडून पसरायला तेच लोक संध्याकाळपर्यंत राबले.

* * *

कृषी सहायक मॅडमनी माती परीक्षणाला नमुने मागवले. रिपोर्ट आले आणि मॅडम चक्रावल्या. वाडीतलं एक सोडून सगळी रानं ठणठणीत. त्या एकेकाला घेऊन शिवारात गेल्या, तेव्हा कळलं. कोणी गोठ्यामागची माती दिलेली, कोणी बांधावरच्या जांभळाखालची.

"अहो, असं का केलंत?"

गटातल्या दगडूनं अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं, "मॅडम, माती पुण्याला जानार व्हती. मग चांगलीच द्यावी ना."

एकट्या वहिनींनी रानातल्या सगळ्यात वाईट कोपऱ्यातली, पांढरा पापुद्रा आलेली माती दिली होती. त्यांचा रिपोर्ट सगळ्यांत खराब. दगडू हसला. वहिनी म्हणाल्या, "दुखणं डाक्टरपासून लपवून कसं चालंल?" आणि तो कागद घडी घालून त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला.

* * *

पूर्वी आमच्याकडे रानात मेंढरं बसवायची पद्धत होती. दोन-तीन रात्री कळप रानात मुक्कामाला, लेंड्या-मुताचं खत आपोआप पडायचं, मेंढपाळाला धान्य मिळायचं. आता कळप कमी झाले. येडगावच्या बाजूनं बिरूमामा मात्र अजून कळप घेऊन येतात. वहिनींनी त्यांना हात जोडून बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा नानांच्या ओट्यावर येऊन बसले. कांबळं मांडीवर, मान खाली.

"नाना, मेंढरं रातभर उभी व्हती. एक बी बसलं न्हाई. ढेकळं लई टोचत्यात."

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. मला त्या सकाळचं त्यांचं तोंड अजून आठवतं. मामा उठले आणि कांबळं खांद्यावर टाकून निघून गेले. मला त्यांचा राग आला.

चार दिवसांनी मामांचं घोडं वहिनींच्या दारात. पाठीवर लेंड्यांची दोन पोती, दुसऱ्या कोणाच्या तरी रानातून झाडून आणलेली. धान्य घ्या म्हटलं तर मामा म्हणाले, "मेंढरं बसली असती तर घेतलं असतं."

* * *

आता माझा घोळ. पहिला पावसाळा सरला तेव्हा नाना म्हणत होते, ढीग अजून कच्चा आहे, महिनाभर थांबा. मी थांबलो नाही. महेश दिवाळीला येणार होता, त्याला हिरवं रान दाखवायचं होतं. नाना बाहेरगावी गेलेले बघून मी दोन ट्रॉल्या वहिनींच्या रानात नेऊन टाकल्या. वहिनींनी विश्वासानं मेथी पेरली.

कच्चं खत मातीत कुजायला लागलं आणि त्यानं मेथीच पिवळी पाडली. महेश आला त्या दिवशी रानात हिरवं पान शोधावं लागत होतं. त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "काका, तुमी कशाला नादी लावताय तिला?"

घाई माझी होती आणि मेथी त्यांची गेली. मी जाऊन पाया पडलो तर वहिनी म्हणाल्या, "भावजी, अजून एक पावसाळा हाय." त्याऐवजी त्यांनी मला झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

* * *

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात नानांनी इर्जिक घातली. इर्जिक म्हणजे सगळ्या वाडीनं एकाच्या रानात एक दिवस राबायचं. मजुरी नाही, फक्त जेवण. आधी पाणी निघून जायला चर खणला. मग प्रत्येकानं आपापल्या ढिगातलं मुरलेलं खत आणलं. या वेळी गज थंड निघाला होता, मी तीनदा तपासला.

खताची पहिली पाटी नानांनी घेतली. रानाच्या मधोमध गेले आणि तिथंच थांबले. आम्हाला वाटलं, चक्कर आली. जवळ गेलो तर नाना मातीकडे बघून गेलेल्या रामभाऊंशी बोलत होते.

"रामा, ऊस मोडू नको म्हणून मीच सांगितलं व्हतं तुला. पोती बी मीच वाढवायला लावली. चुकलं, बाबा."

वहिनी पुढं झाल्या, नानांच्या हातातली पाटी घेतली आणि खत पसरलं. मग पाऊस झाल्यावर हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला, फुलावर आला तसा नांगरून आत गाडला. इर्जिकीच्या दिवशी मात्र सुगडीला, म्हणजे कामानंतरच्या जेवणाला, कोणी चेष्टा केली नाही, हे आमच्या वाडीत फार क्वचित घडतं.

* * *

दुसरा पावसाळा संपला. कार्तिकात महेश आला तो भट्टीवाल्याचा जेसीबी घेऊनच. वहिनींनी शब्द दिलेला, त्यांनी निवाडा त्याच्यावरच सोडला. घर रानाला लागूनच. अंगणातल्या चुलीवर त्यांनी ड्रायव्हरसाठी चहा ठेवला. नाना आणि मी बांधावर बसलो.

कुठून कुठपर्यंत खणायचं त्याच्या खुणा करायला महेश बांबूच्या खुंट्यांचा भारा आणि घण घेऊन रानात उतरला. पहिली खुंटी धरली, घण मारला. एका घावात खुंटी मुठीपर्यंत आत. त्यानं तिच्याकडे बघितलं. ती उपटली, चार पावलं पुढं गेला आणि घण खाली ठेवून नुसत्या हातानं दाबली. गेली. उपटली. पुन्हा पुढं. असा तो कालव्याच्या टोकापर्यंत गेला, पांढऱ्या कोपऱ्यातही गेला, आणि दुसऱ्या बांधानं परत आला.

ड्रायव्हरचा चहा संपला होता. त्यानं विचारलं, "दादा, मार्किंग झालं आसंल तर चालू करू का?"

महेश त्याच्यापुढून तसाच चुलीपाशी आला आणि सगळ्या खुंट्या आईपुढं टाकल्या.

"आई, चुलीला घे."

वहिनींनी एक खुंटी उचलली, टोकावरून बोट फिरवलं.

"वल्ल्या हायत. उन्हात टाक."