विषय : आमच्या खुणा कळविणेबाबत

आमच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक तांबे सर सामना बघायला बसले की छत्री उघडायचे, ऊन असो वा नसो. उघडलेली छत्री डोक्यावर कधीच नसायची. ती डाव्या कानाला टेकवून आडवी धरायचे, कारण डावीकडे वीस पावलांवर समोरच्या संघाचा बाक असायचा आणि तिथे त्यांचा प्रशिक्षक उभा राहून खेळाडूंना हातवारे करायचा. रत्नागिरीत आलो त्या पहिल्याच रविवारी मी बिचकत म्हणालो, की सर, ऊन तर उजवीकडून येऊन राहिलंय. सर म्हणाले, "ऊन येऊ दे. ते सगळ्यांना दिलेलं आहे. त्यांच्या खुणा मला दिलेल्या नाहीत."

सर गेले त्याला आता वर्ष होईल. ते कसे होते हे इकडच्या लोकांना सांगायला गेलो की लोक हसतात आणि मग विचारतात, खरं सांग, असा माणूस होता का? म्हणून लिहून ठेवतो आहे. नववीत शाळा सुटलेल्या माणसाचं लिहिणं आहे, ते तसंच वाचावं. जे काही लिहिता येतं तेही सरांमुळेच, ते पुढे येईल.

मी मूळचा बल्लारशाकडचा, कोळशाच्या खाणीच्या वसाहतीतला. रत्नागिरीच्या क्लबने मला गोलकीपर म्हणून पगारावर आणलं तेव्हा समुद्र पहिल्यांदा पाहिला. दोन दिवसांचा प्रवास करून आलो आणि दोन वर्षं बॅग पूर्ण रिकामी केली नाही. कोण जाणे, कधी जा म्हणतील. सामन्याआधी मला हमखास उलटी व्हायची. सर स्वतः बादली घेऊन उभे राहायचे आणि पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "होऊ दे बल्लारशा. आत राहून काय उपयोग?" माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. मी त्यांच्यासाठी कायम बल्लारशा.

तरुणपणी सर मुंबईत गोदीच्या संघातून खेळले होते. पण पोटापाण्याला तीस वर्षं बंदरावर मच्छीमार सोसायटीत कारकून. मासळीच्या लिलावात व्यापारी तोंडाने बोली देत नाहीत. एक भुवई उचलतो, एक कानाची पाळी चिमटतो, एक नुसता पायाचा अंगठा दाबतो. कोणी काय बोली दिली ते सरांनी तीस वर्षं वहीत उतरवलं आणि त्यांच्या डोळ्यांना कायमची सवय लागली. खूण दिसली की तिचा अर्थ लागणारच. कुठलाही प्रशिक्षक असो, दहा मिनिटं पाहिला की त्याच्या सगळ्या खुणा सरांच्या डोक्यात. म्हणून छत्री.

सर बौद्ध. रोज सकाळी अंघोळ झाली की पंचशील म्हणायचे, त्यातलं दुसरं शील जरा मोठ्याने. जे दिलेलं नाही ते घ्यायचं नाही. कोणी म्हणालं, की अहो सर, ते पैसाअडका, आंबे-काजू यांच्याबद्दल आहे, तर सर विचारायचे, "यादी कुठं जोडलीय? दाखवा." यादी नसल्यामुळे मग काहीही त्यात यायचं. एसटीत शेजारचा पेपर उघडायचा तेव्हा सर खिडकीबाहेर बघायचे. मागच्या सीटवरच्या बायका घरचं काही बोलायला लागल्या की दोन्ही कानांत बोटं. रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला असायचो. शेजारी बांगडा तळायला घेतला की सर उठून खिडकी लावायचे, कारण तो वास शेजाऱ्यांनी त्यांना दिलेला नव्हता. काकू वाढता वाढता म्हणायच्या, "श्वास तेवढा घ्या हो. की त्याचीपण पोच हवीय?"

आमच्या संघाच्या खुणा साध्या होत्या. सरांच्या खांद्यावर टॉवेल असायचा. टॉवेल डाव्या खांद्यावर गेला की डावीकडून चढाई, उजव्या खांद्यावर गेला की उजवीकडून. डोक्यावर घेतला की सगळे मागे.

एकदा भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत सराव चालला होता. सुरूच्या झाडावर एक माणूस मोबाईल धरून बसलेला आमच्या बॅकला दिसला. पुढच्या सामन्यातल्या संघाने पाठवलेला होता, आमच्या खुणा चोरायला. पोरं दगड शोधायला लागली. सर झाडाखाली गेले आणि म्हणाले, "अहो, उतरा खाली. सुरूची फांदी भरवशाची नसते." तो उतरला. त्याचे गुडघे सोलवटले होते. सरांनी त्याला थर्मासमधला चहा दिला, स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आमच्या तिन्ही खुणा टॉवेलसकट करून दाखवल्या, मोबाईलमध्ये नीट येतील अशा. तो माणूस घाबरून गेला. आम्हीही.

तो गेल्यावर मी म्हणालो, की सर, हे काय केलं? सर म्हणाले, "आपण दिलं. आता त्याच्या हातून चोरी होणार नाही. बिचारा झाडावर चढून पाप करत होता."

त्या रविवारी मजा झाली. टॉवेल डावीकडे गेला की त्यांचे सगळे उजवीकडे धावायचे. इतक्या सहज मिळालेल्या खुणा खोट्याच असणार, असा त्यांच्या प्रशिक्षकाने हिशेब केला होता. आम्ही तीन गोलांनी जिंकलो. सर मात्र उदास. दिलेलं त्यांनी घेतलंच नाही, तोंडी दिल्यामुळे असं झालं असेल, असं त्यांचं म्हणणं. मग कारकून जागा झाला.

तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी समोरच्या संघाला पत्र जायला लागलं. सरांचा हात थरथरायचा, म्हणून ते सांगायचे आणि मी लिहायचो. 'विषय : आमच्या खुणा कळविणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, टॉवेल डाव्या खांद्यावर घेतल्यास आमचा संघ डावीकडून चढाई करील.' वर जावक क्रमांक, खाली सही, सोबत दुसरी प्रत पोच घेण्यासाठी. माझी एक ओळ चुकली की पान फाडायचे आणि पुन्हा लिहायला लावायचे. शाळेने नऊ वर्षांत जेवढं लिहून घेतलं नसेल तेवढं सरांनी एका मोसमात घेतलं. पत्र नेऊन द्यायचं कामही माझ्याकडेच.

पत्र घेणारा प्रत्येक जण मला एकच विचारायचा, हे खरं आहे का? मी म्हणायचो, खरं आहे. आणि आम्ही जिंकायचो. एक, दोन, तीन, चार. पाचव्या वेळी सरांनी पत्राऐवजी स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करून पाठवलं. स्टँपपेपर बघून तर समोरच्यांची खात्रीच पटली की हे खोटं आहे. ती मॅचही आम्ही जिंकलो.

आमच्या शेठचा पावसला आंब्याचा कॅनिंगचा कारखाना. क्लब त्यांचाच. ते खूश होऊन मैदानावर पेढे घेऊन आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "तांबे, तुमच्यासारखा बेरकी माणूस उभ्या जिल्ह्यात नाही." सरांनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. परतताना मला म्हणाले, "मी खोटं बोलत नाही. तरी माणसं फसतात. मग मी कोण झालो रे, बल्लारशा?"

मला उत्तर माहीत होतं आणि तेच मी लपवत होतो. चौथ्या सामन्यानंतर हरलेल्या संघाच्या मॅनेजरने चहाच्या टपरीवर मला गाठून सांगितलं होतं, की पत्र एकवेळ खरं वाटलं असतं, पण तू 'खरं आहे' म्हणालास तेव्हा घाम पुसत होतास, पाय हलत होता, आवाज कापत होता. तोंडावरच लिहिलेलं होतं की थाप आहे. आता मी घाबरट माणूस. माझा आवाज चहा मागतानाही कापतो. सरांचं खरं बोलणं पाच वेळा खोटं ठरलं ते माझ्या थोबाडामुळे. पण सांगितलं तर पत्र न्यायचं काम दुसऱ्या कुणाला जाईल, त्याच्यावर लोक विश्वास ठेवतील, आपण हरू, आणि माझी बॅग खांद्यावर येईल. मी गप्प बसलो.

शेवटचा सामना कोल्हापूरच्या एका संघाशी, आमच्याच मैदानावर. बरोबरी झाली तरी आम्ही वरच्या लीगमध्ये जाणार होतो. शेठनी सांगून टाकलं होतं, वर गेलात तर सगळ्यांना दोन वर्षांचा करार, नाही तर पगारी संघ बंद. बल्लारशात परत जावं तर खाणीतल्या एका जागेसाठी चार जण रांगेत उभे होते. घरून फोन आला की आई एवढंच विचारायची, "राहिलं ना रे तुझं काम?"

शेवटचं पत्र सांगून झाल्यावर सर म्हणाले, "हे शेवटचं. याही वेळी कुणी खरं मानलं नाही, तर मी समजेन की मी फसवणूकच करत होतो. सकाळचं चौथं शील मग माझ्या तोंडी शोभणार नाही." चौथं शील खोटं न बोलण्याचं. सरांनी ते फार सहज सांगितलं, जसं कुणी दूध बंद करतो म्हणून सांगतं.

कोल्हापूरकर स्टँडजवळच्या लॉजवर उतरले होते. त्यांचे प्रशिक्षक घोरपडे सर नाश्त्याला बसले होते. भल्यामोठ्या मिशांचा दांडगा माणूस. त्यांनी पत्र वाचलं, शेजारच्या मदतनिसाला दिलं. तो वाचून हसला. "सर, फसवालेत आपल्याला. यांची ही युक्ती सगळ्या लीगला ठावं हाय."

घोरपडे सरांनी माझ्याकडे पाहिलं. "काय रे, खरं हाय हे?"

जिंकायला मला वेगळं काहीच करावं लागणार नव्हतं. नेहमीसारखं घाबरायचं होतं फक्त. शब्दही खराच बोलायचा होता. घाम तयार होता, पाय हलायला लागला होता. आणि मला पेढा हातात धरून उभे असलेले सर दिसले. मी पायावर पाय ठेवला. म्हणालो, "खरं आहे. मी नेहमीच असा कापतो, त्याच्याकडे बघू नका. आमच्या सरांनी आजवर एक खूण खोटी कळवलेली नाही. जे मानत नाहीत ते हरतात."

आवाज कापला की नाही ते मला आठवत नाही. घोरपडे सर बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिले. मग दुसऱ्या प्रतीवर त्यांनी सही केली. बाकीचे सगळे नुसतं 'मिळाले' लिहायचे. यांनी लिहिलं, 'मिळाले. खरे मानले.'

ती पोच मी सरांना सामना संपेपर्यंत दाखवली नाही. अजून एक भीती, की हे वाचून सर आनंदाने सगळी मॅच सोडून देतील. शेवटची पाच मिनिटं उरली तोवर गोल नव्हता. सरांनी छत्री सावरत टॉवेल उजव्या खांद्यावर टाकला. आमची पोरं उजवीकडे धावली, आणि तिथे कोल्हापूरचे पाच जण आधीच उभे होते, एसटीची वाट बघत असल्यासारखे. त्यांनी चेंडू काढला, एक लांब पास, आणि त्यांचा फॉरवर्ड एकटा माझ्यासमोर. चेंडू माझ्या दोन पायांमधून गेला. एक-शून्य. तोच निकाल.

शिट्टी झाल्यावर घोरपडे सर आमच्या बाकाकडे आले. छत्री आडवी होतीच. ते वाकून छत्रीच्या आत शिरले आणि सरांचा हात हातात घेतला. समोरच्या प्रशिक्षकाचं तोंड सरांनी मोसमात पहिल्यांदा पाहिलं. सरांनी विचारलं, "आमचं पत्र मिळालं होतं?"

"मिळालं म्हणूनच तर."

मग मी पोच पुढे केली. सरांनी चष्मा वर करून ती वाचली, पुन्हा वाचली. मैदानावर आमची पोरं आडवी पडून रडत होती, शेठ गाडीत बसून निघून गेले होते, आणि सरांच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. ते लपवायला त्यांनी टॉवेल डोक्यावर घेतला. रडणारी पोरं सवयीने उठली आणि सगळीच्या सगळी मागे आली.

क्लब बंद झाला. जायच्या दिवशी सर स्टँडवर आले. मी टपरीवर काय ऐकलं होतं, लॉजवर काय बोललो, सगळं त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "म्हणजे ती पोच तू आणलीस." मग खिशातून पाकीट काढलं, न चिकटवलेलं. घोरपडे सरांच्या नावे पत्र होतं, थरथरत्या हाताने स्वतः लिहिलेलं. बाकावर बसून त्यात आणखी एक ओळ घातली आणि माझ्या हातात दिलं. "उघडं आहे. तुलापण वाचायला दिलंय," म्हणाले.

कोल्हापूरच्या वाटेवरचा आंबा घाट लागला तेव्हा वाचलं. 'विषय : एका गोलरक्षकाबाबत. हा उंच चेंडूवर कच्चा आहे. डावा पाय नावापुरता आहे. सामन्याआधी यास उलटी होते, तरी बादली जवळ ठेवावी. फार घाबरतो. घाबरला तरी खरे बोलतो, हे आम्ही एक सामना देऊन पाहिले आहे. पोच मिळावी.' पत्र फाडून घाटात टाकावं असं दोनदा वाटलं. असली शिफारस घेऊन कोण जातं नोकरी मागायला?

घोरपडे सरांनी ते मैदानावर उभ्याउभ्या वाचलं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मागे वळून मदतनिसाला म्हणाले, "एक बादली आणून ठेव रे हितं. तांब्यांचं पत्र हाय, खरंच असणार."

खोलीवर गेल्यावर मी बॅग रिकामी केली. आणि सरांनी मागितलेली पोच त्याच दिवशी पोस्टात टाकली.