दुसऱ्या भागातला दुरुस्तीखाना

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासणारी ही बाई जन्मात कधी कुठल्या खेळात रमली नव्हती. पत्ते खेळायला बसवलं तर आपले पत्ते सगळ्यांना दिसतील असे धरून बसायची. अशा बाईने एक्कावन्नाव्या वर्षी परग्रहावरच्या लोखंडी फौजेची काळजी वाहावी, हे तिच्या नणंदेला वेडाचं लक्षण वाटलं. नणंदेला दोष देण्यात अर्थ नाही.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर इमारतींच्या काळोख्या पोकळीत लोंबकळायचं आणि घरी आला की हातपाय धुऊन संगणकासमोर बसायचं. चौदा वर्षं खेळ एकच. दूरच्या कुठल्याशा ग्रहावर खाणी काबीज करायच्या, यंत्रं बांधायची, लढायला पाठवायची. समोरचा तुमच्यासाठी थांबत नाही, तुम्ही विचार करत बसलात की तो तुमच्या दारात हजर. आता या खेळाचा दुसरा भाग यायचा होता. त्यात काय काय असावं ते सुचवा म्हणून कंपनीने जुन्या खेळाडूंसाठी एक पान उघडलं, आणि लोक तुटून पडले. कुणाला धुळीची वादळं हवी, कुणाला जमिनीखालचे रस्ते, कुणाला चौपट मोठे नकाशे. लिफ्टवाल्याने एकच गोष्ट मागितली, दुरुस्तीखाना. जुन्या खेळात मोडकं यंत्र तिथेच टाकून नवं बांधणं सोयीचं पडे, आणि ते त्याच्या जिवाला लागत असे. "मोडलं की टाकलं? ही काय रीत झाली?" असं तो जेवताना बायकोला विचारायचा, जणू ती यंत्रं तिनेच भंगारात घातली होती. त्याचं म्हणणं, जखमी यंत्राला मागे बोलावता यावं, ठिगळ लावून परत पाठवता यावं, आणि एकदा पाहिलेली वाट त्याच्या लक्षात राहावी.

त्या पानाचे नियम कडक होते. सूचनेवर इतरांनी प्रश्न विचारायचे, सुचवणाऱ्याने उत्तरं द्यायची. एकवीस दिवसांत नवा प्रश्न आला नाही, किंवा आलेल्याला उत्तर गेलं नाही, तर सूचना बाद. खातं भलत्याच माणसाने चालवलं तरी बाद.

नवरा गेला तेव्हा एक प्रश्न उत्तराची वाट बघत पडला होता. ही रडली नाही. भेटायला आलेले म्हणाले, धीराची आहे हो. धीर कसला, आत काही हलतच नव्हतं. दुकानात काच घासताना अंगठा कापला, तोही फडक्यावर रक्त दिसलं तेव्हा कळलं.

नणंद कागदपत्रं बघायला आली तेव्हा तिने संगणक लावला. पडद्यावर इशारा झळकला, उत्तराला पाच दिवस शिल्लक.

"वहिनी, हे बंद करून टाकू?"

"राहू दे."

"अगं, आता कशाला?"

"राहू दे म्हटलं ना."

कशाला ते तिलाही सांगता आलं नसतं. त्या माणसाचं जगात एवढंच एक काम अर्धवट राहिलं होतं, आणि ते आपल्या हातून मरू नये इतकंच तिला वाटत होतं. दुसरं काहीच वाटत नव्हतं, म्हणून तिने ते घट्ट धरलं. पासवर्ड सापडायला अडचण नव्हती. टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने चिकटवलेला होता.

प्रश्न विचारणाऱ्याला त्या पानावर सगळेच खडूस म्हणत. अकरा वर्षं त्याचं आणि लिफ्टवाल्याचं हाडवैर. दोघांची कधी भेट नाही, पण एकाने हो म्हटलं की दुसऱ्याने नाही म्हणायचंच. "एकदा सापडू दे, दोन मजल्यांच्या मध्ये अडकवतो आणि जेवायला येतो," असं नवरा म्हणायचा. खडूसने विचारलं होतं, सगळी जखमी यंत्रं एकदम दुरुस्तीला आली तर दारात चेंगराचेंगरी होईल, त्याचं काय? तिने दोन दिवस रजा काढून खेळ लावून पाहिला आणि दोन्ही वेळा दहा मिनिटांत सपाटून मार खाल्ला. मग तिला आपलं दुकान आठवलं. तिने लिहिलं, "नंबर लावायचा. कमी मोडलेलं आधी, म्हणजे ते लवकर बाहेर पडून दार मोकळं करतं. प्रश्न चांगला होता, धन्यवाद."

त्यानंतर खडूसने पिच्छाच पुरवला. बाकीच्यांनी दुरुस्तीखान्यात रस घेणं कधीच सोडलं होतं, पण हा नेमका एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी उगवायचा. शत्रूने दुरुस्तीखान्यावरच हल्ला केला तर? ठिगळ लावलेलं यंत्र पुन्हा मोडलं तर? ती दातओठ खात उत्तरं शोधायची. एकदा त्याने लिहिलं, "हल्ली फार समजूतदार झालात. तब्येत बरी आहे ना?" तिला वाटलं, हा आपल्याला पकडणार आणि नवऱ्याचं सगळं मुसळ केरात जाणार. तिने नवऱ्याची जुनी उत्तरं उकरून काढली, त्याचा तिरसटपणा शाळेतल्या पोरीसारखा गिरवला आणि ठोकून दिलं, "माझी तब्येत राहू द्या, स्वतःची अक्कल सांभाळा." हे लिहिताना मात्र तिला जरा बरं वाटलं.

आठ महिन्यांत बारा प्रश्न झाले. मग कंपनीने यादी जाहीर केली. दुसऱ्या भागात काय काय येणार त्याचे बावीस मुद्दे, त्यात सतरावा दुरुस्तीखाना, खाली नवऱ्याचं नाव. तिने ते दुकानात मोबाइलवर वाचलं, फोन पालथा ठेवला आणि पुढची काच घ्यायला हात लांबवला. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

संध्याकाळी तिने खडूसला खासगीत लिहिलं. "मी त्यांची बायको. ते आठ महिन्यांपूर्वी गेले. उत्तरं मी देत होते. तक्रार करायची तर खुशाल करा."

पाच मिनिटांत उत्तर आलं. "मला पहिल्याच उत्तराला कळलं. अकरा वर्षांत त्या माणसाने मला एकदाही धन्यवाद म्हटलं नव्हतं. दुसरं कुणी प्रश्न विचारेना आणि मुदत तर संपत यायची, म्हणून मी विचारत राहिलो. दुरुस्तीखाना ही कल्पना मला अजूनही भिकार वाटते."

खाली थोडी जागा सोडून त्याने आणखी लिहिलं होतं. "आता नियमाने काही विचारायची गरज नाही. तरी एक विचारतो. ते गेले कसे?"

आठ महिन्यांत तिला लोकांनी पुष्कळ विचारलं होतं. दाखला मिळाला का, आता एकटी राहणार का, त्यांची हत्यारं कुणाला देणार. हे कुणी विचारलं नव्हतं. बसल्या बसल्या सुखाने गेला, असं नणंदच सगळ्यांना सांगायची आणि ही मान डोलवायची. तिने लिहायला घेतलं आणि पहिल्या ओळीतच डोळ्यांना अशी धार लागली की चष्मा काढून ठेवावा लागला. समोरची अक्षरं दिसेनात, तरी ती लिहीत राहिली.

"दुपारची वेळ होती. खुर्चीत बसून खेळत होते. लढाईचा आवाज फार येत होता. मी आतून ओरडले, आवाज कमी करा. परत ओरडले. तिसऱ्यांदा नको ते बोलले. मग तणतणत बाहेर आले, मीच आवाज बंद केला आणि त्यांच्याकडे न बघता चहा टाकायला आत गेले. ते तेव्हा गेलेले होते. मला कप समोर ठेवल्यावर कळलं."