घणमामाची कपलिंगं

आमच्या थोरल्या मामाला सगळी गल्ली घण म्हणते, अर्थात त्याच्या पाठीमागे. गाड्यांचे पोचे काढून रंग मारायचं त्याचं वर्कशॉप आहे. पत्र्याशी हातोडीनेच बोलावं लागतं, हे खरं. पण मामा माणसांशीही तीच भाषा बोलायचा. दारात कोणी गाडी आडवी लावली, तर तो आधी तिची काच फोडायचा आणि मग ‘कुणाची आहे’ म्हणून विचारायचा.

पोचे तो काढायचा, रंग धाकटा मामा मारायचा. गिऱ्हाइकं यायची ती धाकट्याच्या हातासाठी, आणि हे घणालाही ठाऊक होतं. म्हणून हवेच्या पाइपाने धाकट्याचं तोंड फोडलं तेव्हा तो खरोखर घाबरला. घाबरला की तो मारायचा, एवढाच त्याचा स्वभाव.

कंप्रेसरचा पाइप आणि रंगाची बंदूक जोडणारं पितळी कपलिंग काम चालू असताना आपोआप सुटलं. भरल्या हवेचा पाइप असा मोकळा सुटला की चाबकासारखा फिरतो, आणि त्याच्या टोकाला तर अर्धं पितळी कपलिंग होतं. पहिल्या फटक्यात दिवा गेला, दुसऱ्यात धाकट्याचा ओठ आणि पुढचे दात. थोरली मामी धावत जाऊन कंप्रेसर बंद करीपर्यंत भिंतीचा गिलावाही सोलून निघाला होता.

ओठाला टाके घालून आल्यावर धाकट्याने बजावलं, टिकणारं कपलिंग आण, नाहीतर मी पलीकडच्या चौकातल्या वर्कशॉपात जातो. तिथला मालक त्याला कधीपासून गळ घालत होता.

मामा सुटलेलं कपलिंग मुठीत आवळून ते विकणाऱ्या दुकानदाराकडे गेला. बोलणं ‘हे बघ’ एवढंच झालं, आणि दुकानदाराचं नाक फुटलं. नवं कपलिंग फुकटात मिळालं. काही दिवसांनी तेही सुटलं. या वेळी एका गिऱ्हाइकाच्या गाडीची पुढची काच गेली. आता दुसऱ्या दुकानातून कपलिंग आणायला मामा गेला, पण हा दुकानदार पूर्वी कुस्ती खेळायचा. मामा बरगडी धरून रिकाम्या हाताने परतला. तेव्हापासून बाजारात मामा दिसला की शटर खाली यायचं.

शेवटी मामी गेली, नाक फुटलेल्याकडेच. त्याने पट्टीआडून जुनं कपलिंग निरखलं. वरचं कडं चेपून लंबुळकं झालं होतं.

“वहिनी, हे ठोकतं कोण?”

“आमच्याकडे ठोकायचं खातं एकाकडेच आहे.”

त्याने पोलादी कपलिंग काढून दिलं आणि म्हणाला, हे टिकेल, पण ते माणसांनी वापरायचं आहे.

मामीला हे काही नवं नव्हतं. कडं मागे सरकवलं की कपलिंग सुटतं; मात्र पाइपात हवा असली तर कडं हटून बसतं. व्हॉल्व्ह बंद करून हवा सोडली की ते दोन बोटांनी सरकतं. मामाला तेवढा दम कुठला? तो सरळ कड्यावर हातोडी घालायचा. कडं चेपलं की आतली पकड ढिली, आणि मग कपलिंग केव्हा सुटेल याचा नेम नाही. मामीला माहीत होतं, धाकट्यालाही माहीत होतं. पण सांगणाऱ्याच्याच कानाखाली बसायची, मग सांगणार कोण?

नवं कपलिंग बसवलं त्याच दिवशी मामाने हातोडी उचलली. धाकट्याने त्याचं मनगट धरलं.

“दादा, माझे दात कपलिंगने नाही पाडले. तू पाडलेस.”

मामाने दुसऱ्या हाताची थप्पड लगावली. टाके उसवले, हनुवटीवरून रक्त ओघळलं. धाकट्याने आयुष्यात पहिल्यांदा हात उचलला, आणि नेमका मोडक्या बरगडीवर. मामा पत्र्यांच्या ढिगात कोसळला, उठला, पुन्हा कोसळला. धाकटा लाथा घालतच होता. मामीने मध्ये पडून त्याला मागे ओढलं तेव्हा कुठे तो थांबला. मग तिने व्हॉल्व्ह बंद केला, बंदुकीचा खटका दाबून हवा सोडली, दोन बोटांनी कपलिंग काढलं आणि आडव्या पडलेल्या नवऱ्याला दाखवलं.

धाकट्याने नळावर तोंड धुतलं आणि तसाच पलीकडच्या चौकात निघून गेला.

पोलादी कपलिंग आजही शाबूत आहे. मामा आता हवा सोडतो आणि कडं सरकवण्याआधी फुसफुस संपेपर्यंत थांबतो. रंगही तोच मारतो; त्या गाड्यांच्या अंगावर काटा आल्यासारखा दिसतो. गिऱ्हाइकं एकेक करून चौक ओलांडायला लागली, तसा एकदा तोही ओलांडून गेला. धाकटा तिथल्या वर्कशॉपच्या फाटकापाशी आला, पण फाटक उघडलं नाही.

“हात खिशात घाल. मग बोल.”

मामाने दोन्ही हात खिशात घातले. पण हातांशिवाय बोलायची त्याला सवय कुठे होती? आतून दोन चहा आले. धाकट्याने एक स्वतः घेतला, दुसरा कप मामासाठी फाटकाच्या खांबावर ठेवला. मामाने कपाकडे पाहिलं, पण हात बाहेर काढले नाहीत. चहा निवत गेला. शेवटी धाकट्याने तोही पिऊन टाकला, रिकामे कप उचलले आणि कामाला आत गेला.