वरच्या गावातलं भाषण खालच्या वाडीत

टाळी यायला हवी होती तिथं आली नाही. बप्पा थांबले, पाणी प्यायले आणि तेच वाक्य आणखी जोरात म्हणाले, "ज्या फितुरानं गढीचा दरवाजा शत्रूला उघडून दिला, त्याच रक्ताचा माणूस आज तुमच्याकडं मतं मागतोय!"

वाक्य माझं होतं. लोहाऱ्याच्या शाळेत मी इतिहास शिकवायचो. निवृत्तीनंतर पुढाऱ्यांची भाषणं लिहितो. भाषणात मधेच जुनी हकीकत पेरतात, तिला आमच्या धंद्यात दाखला म्हणतात. मुद्दा लंगडा असला की दाखला हात देतो. बप्पा जिल्हा परिषदेला उभे होते आणि त्यांच्याकडं सांगण्यासारखं काम नव्हतं. म्हणून विरोधी उमेदवारावर दाखला जरा तिखट घातला होता.

पण तो वरच्या गावासाठी. गढी तिथंच आहे. वेढा पडला, आतलं पाणी संपलं आणि किल्लेदारानं दार उघडलं, म्हणून वरचे लोक त्याला आजही शिव्या देतात. खालची वाडी त्याच्याच वंशजांनी वसवली. पोरं तहानेनं मरायला नकोत म्हणून त्यानं दार उघडलं, असं ते मानतात. वाडीत नवी सून आली की पहिली घागर त्याच्या समाधीवर ओतते. मी बप्पांना दोन भाषणं दिली होती. त्यांनी सकाळी वरच्या गावात वाचलेलंच संध्याकाळी वाडीत वाचलं. पुढाऱ्यांची ही रीतच आहे, एक भाषण जिल्हाभर चालवतात.

पुढं बसलेली एक म्हातारी उठली. आवाज शांत होता. "बप्पा, तू ज्याला फितूर म्हनतोस, त्याला माजी नातसून सकाळीच पानी घालून आलीय."

वाडीची मतं गेली की बप्पा गेले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी बाटली देण्याच्या निमित्तानं वर गेलो आणि कानात दोन वाक्यं सांगितली. खरं सांगतो, मला मजा येत होती.

बप्पांनी हात जोडले. "आजी, फितूर म्या न्हाय म्हनत, वरचे लोक म्हनतात. तहानेल्यासाठी दार उघडनारा लई मोठा मानूस. निवडून आलो तर वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह पयला तुमच्यासाठी उघडीन."

मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. शेवटचं वाक्य, व्हॉल्व्हचं, माझं नव्हतं. ते बप्पांनी जोशात ठोकून दिलं.

बप्पा निवडून आले. मग दोन्ही सभांचे व्हिडिओ शेजारी शेजारी जोडून मोबाईलवर फिरले. वाडीच्या बाया घागरी घेऊन त्यांच्या दारात आल्या, आणि वरचे लोक व्हॉल्व्हवर बाज टाकून बसले. बप्पांचा मला फोन. "सर, दोघांनाबी पटंल असा एखादा दाखला द्या की."

"इतिहासात तसा नाही," मी म्हणालो. "वाडीला वेगळी पाइपलाइन टाका."

कुरकुरत का होईना, टाकली. उद्घाटनाचं भाषण मी झकास लिहिलं होतं. बप्पांनी उठायच्या आतच म्हातारीनं माईक धरला. "आमच्या मूळपुरुषानं दार मनानं उघडलं, बप्पानं व्हिडिओच्या भ्यानं. पानी तेच हाय. प्या."

त्यानंतर माझं भाषण कुणी ऐकलं नाही.

आता कुठल्याही गावाचं भाषण लिहायच्या आधी मी तिथं जाऊन पारावर चहा पितो, आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला हळूच विचारतो, "तुमच्याकडं फितूर कुणाला म्हणतात?"