शिडीचा सिनेमा

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की आजी दिवसभर संगणकावर जुन्या सिनेमांच्या संकेतस्थळांवर काय शोधत असते. तेव्हा मी उत्तर टाळलं, कारण उत्तर लांब होतं आणि काम पुरं झालेलं नव्हतं. आता झालं आहे. शिवाय लातूरची तुमची मावशीआजी, म्हणजे माझी अक्का, हिच्या डोळ्यांबद्दल तुम्हाला उडतउडत कळलं असेल. ते नीट सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

अक्काच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला मधोमध इजा झाली आहे. वयामुळे होते. समोरच्या माणसाचे खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. इंजेक्शनं झाली, त्यांनी वेग कमी झाला, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जे गेलं ते परत येणार नाही आणि जे आहे तेही हळूहळू कमी होईल. अक्कानं ऐकून घेतलं. मी नांदेडहून भेटायला गेले, तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली.

"तू कॉलेजात इंग्रजी शिकवलं. तुला त्या कंप्युटरवर समदं सापडतं म्हणं. मला शिडीचा सिनेमा काढून दे."

शिडीचा सिनेमा आमच्या घरात सगळ्यांना माहीत होता, म्हणजे अक्काच्या तोंडून माहीत होता. आम्ही लहान असताना लोह्याच्या बाजूला जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. अक्काचं लग्न ठरलं होतं त्या हिवाळ्यात आईनं आम्हा दोघींना शेजारणींबरोबर पाठवलं. मी सहा-सात वर्षांची असेन. मला गॅसबत्त्या आठवतात, आणि थंडीत कुणाच्या तरी मांडीवर बसल्याचं आठवतं. सिनेमा मला आठवत नाही. मला जो आठवतो तो अक्कानं सांगून सांगून माझ्यात घातलेला आहे.

तिच्या सांगण्याप्रमाणे गोष्ट अशी. एक सून माहेरी आलेली असते. सासरची माणसं बैलगाडी घेऊन न्यायला येतात. ती त्यांना पाणी देते, बैलांना कडबा टाकते, आणि मग शिडीनं माळवदावर चढते. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांना तेव्हा बाहेरून लाकडी शिडीच असायची. वर गेल्यावर ती शिडी वर ओढून घेते आणि तिथं बसून राहते. खाली गाडी उभी. अक्का म्हणायची, पाहणाऱ्या बाया आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

पुढच्या महिन्यात अक्काचं लग्न झालं. तिनं हा सिनेमा सासरी सांगितला, तेव्हा भावजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, सिनेमा तसा नाहीच म्हणून सांगितलं. भावजी नायगावकडचे. त्यांनीही त्याच जत्रेत तो पाहिला होता. त्यांच्या मते शिडी वाऱ्यानं पडते, बाई वर अडकते, एवढंच. मग शिडी लावतात आणि ती निमूट गाडीत बसते. सिनेमाचं नावही ते सांगायचे. ते एका देवाचं नाव होतं. अक्का म्हणायची, देवाच्या सिनेमात बैलगाडी कशाला येईल? हा वाद त्यांच्या संसाराइतकाच जुना आहे. सुना आल्या, नातवंडं आली, आणि प्रत्येकाला तो एकदा ऐकावा लागला. घरातल्यांचा कल भावजींकडे होता. त्या काळात अशी बाई सिनेमात कोण दाखवील, असं सगळ्यांना वाटे. खरं सांगायचं तर मलाही वाटे.

म्हणून अक्कानं सिनेमा मागितला, तेव्हा तिला नक्की काय हवंय ते मी विचारलं. करमणूक हवी असेल तर दुसरे पुष्कळ होते.

"करमणूक न्हाई माय," ती म्हणाली. "मी ते पाह्यलं का मनानं रचलं, एवढं कळू दे. डोळे हायेत तवर."

मी कामाला लागले. या विषयात तुम्हाला कधी काही शोधायचं झालं, तर मला कळलेलं इथेच सांगते. जुन्या सिनेमांची संकेतस्थळं तीन-चार जातींची आहेत. काही नुसत्या याद्या आहेत, साल, कलावंत, निर्माता. त्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे एकीत चूक असली की सगळ्यांत तीच चूक सापडते आणि ती खरी वाटू लागते. काही ठिकाणी जुनी सिनेमासिकं पानन् पान पाहायला मिळतात. ती वाचायला संथ, पण भरवशाची. काही ठिकाणी गाण्यांच्या पुस्तिका ठेवल्या आहेत. थिएटरबाहेर विकत मिळायच्या त्या. गोष्ट अर्धी सांगून पुढचं पडद्यावर पाहा म्हणायच्या. आणि काही संकेतस्थळं हौशी माणसांनी चालवलेली आहेत, जिथे कुणी एक फोटो टाकतो आणि बाकीचे तो कोणत्या सिनेमातला यावर आठवडाभर भांडतात. मला सगळ्यात उपयोग या भांडखोरांचा झाला. मराठी नावं रोमन अक्षरांत प्रत्येकानं वेगळी लिहिलेली असतात, म्हणून एकच नाव पाच-सहा प्रकारे टाकून पाहायचं. एवढी शिस्त पाळली तर बरंच हाती लागतं.

शिडी, माळवद, बैलगाडी, सगळं टाकून झालं. अक्काकडून आणखी खुणा मागितल्या. तिनं दोन दिल्या. शिडी घराच्या दाराच्या उजव्या अंगाला होती. आणि ती बाई आपल्या मुलखातली नव्हती, कारण तिचा पदर उजव्या खांद्यावर होता.

"उलटा पदर व्हता. मी शेजारणीला तवाच म्हणले व्हते, ही कुठली हो?"

ही खूण मला फार मोलाची वाटली. परप्रांतातली सून असलेले सिनेमे मी काढत बसले. त्यात पावसाळा गेला. सापडलं काहीच नाही.

दिवाळीनंतर एका हौशी संकेतस्थळावर 'अनोळखी तुकडे' असा विभाग दिसला. बंद पडलेल्या फिरत्या सिनेमाच्या सामानात सापडलेली सुटी रिळं तिथे थोडी थोडी दाखवली होती. ओळख पटली तर पुढचं दाखवू, अशी पद्धत. त्यातल्या एका तुकड्यात धाब्याचं घर होतं, अंगणात गाडी सुटलेली होती, लिंबाखाली बैल होते. नऊवारीतली एक बाई तांब्या घेऊन दारातून बाहेर येते, एवढंच. शिडी होती, पण दाराच्या डाव्या बाजूला. पदर सरळ, डाव्या खांद्यावर. मी तो तुकडा लातूरला अक्काच्या सुनेच्या फोनवर पाठवला. तिनं अक्काला टीव्हीवर मोठा करून दाखवला आणि मला फोन लावून दिला.

"न्हाई," अक्का म्हणाली. "शिडी हिकडं व्हती. आन् ही तर आपल्यातलीच बाई हाय."

मागून भावजींचा आवाज आला. "आगं ह्योच हाय. शिडी डाव्याच अंगाला व्हती. मी कवापासून सांगून राहिलो."

"तुम्ही झोपला असाल तिथं."

"झोपाया पैशे दिले व्हते का?"

"मग शिडी वाऱ्यानं पडली कशी? पानं तर हालत न्हाईत त्या लिंबाची."

भावजी मला म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमच्या भैनीला खामखा वकील करायची राहिली." आणि फोन सुनेकडे गेला.

मी तुकडा बाजूला ठेवला. पद्धत म्हणून संकेतस्थळ सांभाळणाऱ्या गृहस्थांना दोन ओळी लिहिल्या, की गोष्ट जुळते पण खुणा जुळत नाहीत. त्यांचं उत्तर सभ्य होतं. जाणकार माणसानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, की सुरुवातीला पडद्यावर नाव आलं असेल, त्यातलं एखादं अक्षर तरी बहिणीला आठवतं का? अक्का चौथी शिकली होती. तिला वाचता येत होतं. मी फोन केला.

"नाव कसं वाचणार?" ती म्हणाली. "अक्षरं समदी उलटीच दिसायची आपल्याला."

"उलटी म्हणजे?"

"आता उलटी म्हंजे उलटी. बाया पडद्याच्या मागच्या अंगाला बसायच्या ना. गडीमाणसं मशिनीच्या बाजूला, मधी कपडा, आपण पल्याड. कपड्यावर पाणी मारायचे, चित्र पल्याड दिसावं म्हणून. तू व्हतीस की माझ्या मांडीवर."

मी फोन ठेवला आणि बाजूला ठेवलेला तो तुकडा पुन्हा काढला. तिनं हे कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं तिला काही वाटलं नव्हतं. सिनेमा असाच पाहतात, एवढंच तिला तेव्हा माहीत होतं. आणि लग्नानंतर लातूरच्या थिएटरांत ती सगळ्यांबरोबर समोरून पाहू लागली, तरी जुना सिनेमा तिच्या मनात जसा होता तसाच राहिला, शिडी उजवीकडे आणि पदर उलटा. परमुलखातली बाई मी महिनोन्महिने शोधत होते. ती परमुलखातली नव्हतीच.

पुढचं काम दोन दिवसांचं होतं. भावजींनी सांगितलेलं देवाचं नाव अक्काचं ऐकून मी आजवर शोधलंच नव्हतं; आता ते याद्यांत पाहिलं. ते होतं, आणि सगळ्या याद्यांत 'पौराणिक' म्हणून होतं, पुढे 'प्रत उपलब्ध नाही' असा शेरा. कुणीतरी एकानं नावावरून अंदाज केला असणार आणि बाकीच्यांनी उतरवून घेतला. पुस्तिकांच्या संकेतस्थळावर त्याची पुस्तिका सापडली. देव म्हणजे त्या गावातलं देऊळ. गोष्ट सुनेची. सासरची गाडी अंगणात येते, आणि पुस्तिका तिथे थांबून म्हणते, पुढे काय घडतं ते रुपेरी पडद्यावर. म्हणजे सिनेमा तोच होता. पण शिडी पडली की ओढली, हे अजूनही कळलं नव्हतं. मी सगळं व्यवस्थित लिहून पाठवलं. त्या गृहस्थांनी पूर्ण रीळ पाठवलं. दहा-बारा मिनिटांचं होतं. मी ते एकटीनं पाहिलं नाही.

लातूरला पोचले तेव्हा दुपारची जेवणं झाली होती. सुनेनं संगणक टीव्हीला जोडला. चित्र आडवं उलटवण्याची सोय असते, ती मी करून ठेवली होती. भावजींनी विचारलं, "माझ्या बाजूनं कवा दावणार?" मी म्हटलं, आधी हिच्या बाजूनं.

अक्का टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्ची घेऊन बसली. मधलं दिसत नसल्यामुळे ती आताशा तोंड खिडकीकडे वळवते आणि डोळ्याच्या कडेनं पाहते. पाहुण्यांना वाटतं तिचं लक्ष नाही. घर दिसलं, गाडी दिसली.

"हाव," ती म्हणाली. "शिडी हिकडंच."

बाई तांब्या ठेवते. बैलांना कडबा टाकते. सासरचा एक म्हातारा काहीतरी बोलतो, त्याचा आवाज नीट येत नाही. ती शिडी चढते. वर गेल्यावर खाली वाकते, शिडीची वरची दांडी धरते आणि दोन्ही हातांनी ओढते. शिडी जड आहे. एकदा अडकते, ती परत जोर लावते. शिडी वर जाते. लिंबाचं एक पान हलत नाही.

सून म्हणाली, "ओढली की हो, मामंजी."

भावजी पुढे सरकून पाहत होते. त्यांनी मला थोडं मागं घ्यायला लावलं आणि पुन्हा पाहिलं. नंतर मी त्यांच्या बाजूनंही दाखवलं. तिथेही ती ओढतच होती.

"बरं. वढली," ते म्हणाले. "पण मागून उतरली आसंल. कवर बसंल वर?"

"त्याचा पुरावा तुम्ही आणा," अक्का म्हणाली. "मपला आला."

मग तिनं ते आणखी दोनदा लावायला सांगितलं. शेवटच्या वेळी ती पाहत नव्हती, डोळे मिटून नुसती बसली होती. डोळ्यांवर ताण येतो तिच्या. चहा झाला. तिनं सुनेला फोन मागितला, आपल्या लेकीला लावला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. वाद जिंकल्यासारखं बोलली नाही. गाडी किती वाजता गावात आली हे सांगावं, तसं सांगितलं. संध्याकाळच्या बसनं मी परत आले.

त्या संकेतस्थळावर आता या सिनेमाची नोंद दुरुस्त झाली आहे. पौराणिक हा शब्द काढला आहे, आणि खाली एक टीप आहे की ओळख दोन प्रेक्षकांच्या आठवणींवरून पटली, एक पडद्यापुढचा आणि एक पडद्यामागची. बाकीच्या याद्यांत जुनी चूक तशीच आहे. मी त्यांना लिहिलं आहे, पण सगळे दुरुस्त करतील असं नाही. दुवा तुम्हाला वेगळा पाठवते.

शिल्लक आहे ते हे. अक्काला कडेचं दिसतं. मधलं आता जवळजवळ दिसत नाही. पुस्तिकेची चित्रं आहेत, मधली दोन पानं फाटलेली. सिनेमाचं पहिलं रीळ नाही, त्यामुळे पडद्यावरचं नाव नाही. नंतरची रिळं नाहीत, त्यामुळे ती उतरली की नाही ते कळायला मार्ग नाही. गाडी अंगणात येते तिथपासून शिडी वर जाते तिथपर्यंतचा भाग आहे. आवाज काही ठिकाणी गेला आहे, चित्र बरं आहे.