खिळ्यावरचं फडकं

क्लॉक हा शब्द मी नातेवाइकांत वापरत नाही. एकदा वापरला, तर मामींनी माळ्यावरचं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं. मला त्यातला सेल बदलण्यापलीकडे काही कळत नाही. मी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीत आहे. शेतात लावायच्या मोजमापाच्या पेट्या आम्ही बनवतो आणि पेटीतल्या चिपचे ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी जोडलेला एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, मी लिहिते. चिपमधलं क्लॉक वेळ सांगत नाही, नुसता ठोका देतं. चिपचा प्रत्येक भाग त्या ठोक्यावर चालतो. ठोका थांबला की भाग जागच्या जागी थिजतो. ज्या ठोक्याची कुणी मागणी केलेली नाही, तो कर्नल, म्हणजे सगळ्या कारभाराच्या मुळाशी बसलेला प्रोग्राम, बॅटरी वाचवायला बंद करून टाकतो. मागणी नोंदवायची ती ड्रायव्हरने.

आमची पहिली पेटी निफाडजवळ मामांच्या द्राक्षबागेत लागली, ती माझ्या शब्दावर. पान किती ओलं आहे हे तिच्यातला सेन्सर मोजायचा आणि रोज सकाळी मामांच्या मोबाइलवर मेसेज जायचा. बाग फुलोऱ्यात असताना पानावर दव फार वेळ टिकलं तर डावणी ही बुरशी येते, आणि डावणी घडात शिरली की तो घड गेला. फवारायचं की थांबायचं, हे मामा त्या मेसेजवर ठरवणार होते.

आठवड्याभरातच त्यांचा फोन आला. "तुझी पेटी पान कोरडं हाय म्हणती. इथं दव पडलंय."

रविवारी दुपारी मी गेले. पेटीचं बटण दाबलं, पडदा उजळला, सेन्सरवर बाटलीतलं पाणी शिंपडलं. आकडा झरझर वर गेला. पाणी पुसल्यावर खालीही आला.

"चालतंय की, मामा. फवारताना वायरीला तुमच्या हाताचा धक्का लागला असेल."

"तू आली का चालतं," मामा म्हणाले. "गेली का कोरडं."

मी वैतागले. यंत्राला माणसं ओळखू येत नाहीत, असं त्यांना जरा तोऱ्यातच सांगितलं. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही, तेव्हा आपलंच खरं ठरलं असं मी धरून चालले.

दोन आठवड्यांनी फोन आला तो मामींचा. बागेत डावणी शिरली होती. मी पोहोचले तेव्हा मामा खालच्या अंगाच्या ओळीत उभे होते. चार ओळींतले घड तपकिरी पडले होते, काहींवर पांढरी बुरशी दिसत होती. बाकीची बाग वाचेल असं त्यांना वाटत होतं, पण खात्री नव्हती. मी मोबाइल मागितला. मेसेज रोज आलेले होते. तापमान रोज वेगळं, पान रोज कोरडं.

"पानाला हात लावला होता मी," मामा म्हणाले. "ओलं लागलं. पण म्हटलं, पोरीनं बनवलंय, माझ्या हाताला काय कळतंय."

मामा रागावले असते तर मी काहीतरी उलट बोलले असते. ते रागावले नाहीत. मला इतकी लाज वाटली की मी हात धुण्याच्या निमित्ताने विहिरीकडे निघून गेले.

विहीर मामा आणि त्यांच्या थोरल्या भावाची सामाईक, मोटरही एकच. स्टार्टरच्या पेटीशेजारी फळीवर दोन खिळे आहेत. जो पाणी धरेल त्याने आपल्या खिळ्यावर फडकं लावायचं, पाणी झालं की काढायचं. दोन्ही खिळे मोकळे दिसले की शेवटच्याने मोटर बंद करायची. मी हात पुसत होते तेव्हा मामी आल्या, आपलं फडकं काढलं, दुसरा खिळा पाहिला आणि लाल बटण दाबलं. पलीकडच्या वाफ्यातून थोरल्यांची सून ओरडली, "काकू, आमचं चालू होतं."

"मग फडकं कुठंय?"

"राहिलं लावायचं. तुमचं दिसलं, मोटर चालूच होती."

मी तिथेच विहिरीच्या कठड्यावर बसले. पेटीत काय चुकलं असेल ते कळलं; कंपनीत जाऊन बघायचं तेवढं उरलं होतं.

पेटीतला पडदा आणि पानाचा सेन्सर एकाच ठोक्यावर चालत होते. पडद्याच्या ड्रायव्हरने ठोका मागितला होता. सेन्सरचा ड्रायव्हर माझा. त्याने मागितलाच नव्हता. माझ्या टेबलावर पडदा दिवसभर उजळलेला असे, ठोका आयता मिळे, म्हणून ती ओळ लिहायची राहिली हे मला कधी कळलंच नाही. बागेत पडदा पाच मिनिटांनी विझायचा, ठोका बंद व्हायचा, आणि सेन्सर शेवटचा आकडा धरून बसायचा. तापमान वेगळ्या चिपवरून येत होतं, म्हणून मेसेज जिवंत वाटे. आणि पेटी लावताना नि त्या रविवारी, दोन्ही वेळा मी भरदुपारी जाऊन आधी बटण दाबलं होतं. मामांनी त्या रविवारीच दोष अचूक सांगितला होता.

मी टेबलावरचा पडदा विझू दिला आणि सेन्सरवर पाणी ओतलं. आकडा हलला नाही. ड्रायव्हरमध्ये ठोका मागायची एक ओळ घातली, काम संपल्यावर परत करायची दुसरी. पुन्हा पडदा विझवून पाणी ओतलं, तेव्हा आकडा हलला.

नवा प्रोग्राम घेऊन गेले तेव्हा पेटी अजून खांबावर होती, याचंच मला नवल वाटलं. मामांना सगळं सांगितलं. सेन्सरने फडकं लावलं नव्हतं म्हटल्यावर त्यांना अजून काही विचारावं लागलं नाही.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि बोलली माझ्या हाताला."

"चुकलं, मामा," मी म्हटलं. "पेटी काढून नेऊ का?"

मामा विहिरीकडे गेले, आपलं मोकळं पडलेलं फडकं आणलं आणि पेटीच्या खांबाला बांधलं. मग आमच्या दोघांच्या मध्ये असलेलं एक पान बोटांत धरलं आणि बटणाकडे गेलेला माझा हात बाजूला केला.

"ते दाबू नको," म्हणाले. "उद्या सकाळी तू घरी असताना पेटी काय म्हणती ते बघू."